सायकलीच्या चाकातील हवा

चैत्र सरत आलेला असतो. विदर्भातील एखाद्या खेड्याच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होण्यास अद्याप अवकाश असतो. आवारात भिंतीलगत सायकली ओळीने उभ्या असतात. सकाळची सावली केव्हाच सरकून गेलेली असते. इतक्यात बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होतो. लिंबावरचे कावळे उडतात, वर्गातील माना खिडकीकडे वळतात. बाहेर जाऊन पाहावे, तो एका सायकलीचे मागचे चाक पार बसलेले आढळते. ‘उन्हाने ट्यूब फुटली,’ असे शिपाईमामा म्हणतात, मुले म्हणतात, आणि पाच किलोमीटरांवरील आपल्या गावी ती सायकल भर उन्हात ढकलीत नेणारी मुलगीही घरी तेच सांगते.

ऊन प्रखर होते, यात शंका नाही. परंतु त्याच ओळीत आणि त्याच उन्हात आणखी पुष्कळ सायकली उभ्या होत्या, आणि त्यांच्या ट्यूबा शाबूत राहिल्या. तेव्हा सगळाच दोष सूर्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. खरा दोष कोठे होता, हे कळण्यासाठी चाकातील टायर कोणते काम करतो, ट्यूब कोणते करते आणि तिच्यात कोंडलेली हवा कोणते करते, हे आधी समजून घ्यावे लागते.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव असते. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद होईपर्यंत तापवतो, तापून वाढलेली धाव घाईघाईने चाकावर चढवतो आणि लागलीच तीवर पाणी ओततो. निवताना धाव आक्रसते आणि तुंबा, आरे व लाकडी घेर यांना करकचून एकत्र आवळते. धाव बसवलेले चाक वर्षानुवर्षे टिकते. पण वाटेतला एकेक धोंडा गाडीवानाच्या पाठीला कळल्यावाचून राहत नाही. सायकलीचा प्रारंभही असाच झाला. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये आणि इंग्लंडात ज्या सायकली धावू लागल्या, त्यांच्या लाकडी चाकांवर लोखंडी पट्ट्याच असत. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर त्यांचा असा काही खडखडाट होई की, इंग्रजांनी त्या वाहनाला ‘हाडे हलवणारे’ असे टोपणनाव देऊन टाकले. पुढे लोखंडाच्या जागी भरीव रबर आले. त्याने आवाज कमी झाला. हादरे मात्र फारसे कमी झाले नाहीत.

चाकाभोवती रबर नव्हे, तर हवा असावी, ही कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश तरुणाला सुचली होती. १८४५ साली, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, त्याने तिचे पेटंट घेतले. त्या काळी रस्त्यांवर सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या. घोडागाड्यांसाठी असा खर्चिक टायर कोण घेणार? कल्पना कागदपत्रांत पडून राहिली. चाळीस वर्षांनंतर बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने, टॉमसनच्या कामाची वार्ता नसताना, तीच वाट पुन्हा शोधून काढली. त्याच्या लहान मुलाला तीनचाकी सायकल फरसबंदीवरून चालवताना हादरे बसत. १८८७ साली डनलॉपने रबराची एक नळी करून ती एका लाकडी चकतीभोवती कापडाने बांधली आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. मग त्याने अंगणात एक साधी परीक्षा घेतली. मुलाच्या सायकलीचे भरीव रबराचे चाक आणि ही नवी चकती त्याने सारख्याच जोराने घरंगळत सोडली. जुने चाक अंगणाच्या अर्ध्यातच आडवे झाले. नवी चकती अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाला जाऊन आदळली.

१८८८ साली डनलॉपने पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम हा स्वार असे टायर लावून उतरला. त्या जाडजूड चाकांना पाहून प्रेक्षक हसले; पण शर्यती ह्यूमने जिंकल्या आणि हसणे थांबले. टॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द ठरले खरे. तथापि नाव टायरवर उमटले ते डनलॉपचेच. टॉमसनला आज फार थोडे लोक ओळखतात.

या पहिल्या टायरांत एक मोठी अडचण होती. ते चाकाला चिकटवून, वर कापड गुंडाळून बसवलेले असत. आतील नळीला छिद्र पडले, की सगळे सोडवून पुन्हा चिकटवण्यात तासचे तास जात. ती अडचण १८९० साली चार्ल्स वेल्च या इंग्रजाने दूर केली. त्याने टायर चिकटवण्याचे सोडून दिले आणि त्याच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचे एकेक कडे घातले. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या साध्या सायकलींचे टायर मूलतः त्याच पद्धतीचे आहेत. टायर बसवण्याची सारी विद्या या दोन कड्यांभोवती फिरते.

आता त्या शाळेतील मुलीच्या सायकलीकडे वळू. मुलगी, सायकल आणि दप्तर मिळून सत्तर किलोग्रॅम वजन धरले, तर त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भार, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम किंवा ९० पौंड, मागच्या चाकावर येतो. हा भार कोण उचलतो? रबर उचलते, असे वाटते. परंतु हवा काढून टाकली की हेच रबर रिमखाली चेंगरून जाते. भार उचलते ती हवा. ट्यूबमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ४५ पौंड असेल, तर ९० पौंड पेलण्यास तिला दोन चौरस इंच जागा पुरते. म्हणून चाक जमिनीला तेवढेच टेकते. सगळ्या चाकाचा जमिनीवरील ठसा काड्यापेटीहूनही लहान असतो! दाब उतरून १५ पौंडांवर आला, तर त्याच भारासाठी सहा चौरस इंच जागा हवी. ती मिळेपर्यंत टायर दबतच जातो. चाक जड चालू लागते, टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडून उलू लागतात, आणि खड्डा आला की रिमची धार ट्यूबला जमिनीशी चिमटते. अशा चिमट्याने ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. एकच छिद्र असेल तर काटा शोधावा; जोडीने दोन दिसली, तर हवा कमी होती असे खुशाल समजावे.

हवा भार उचलते खरी. पण तिला कोंडून कोणी ठेवायचे? हे काम दोघांत वाटलेले आहे. ट्यूब हवेला बाहेर जाऊ देत नाही, परंतु तिच्या अंगी बळ नाही. नुसती ट्यूब हातात धरून पंप मारला, तर ती फुग्यासारखी वाढत जाते आणि थोड्याच दाबाला फुटते. टायर याच्या उलट आहे. त्याच्या अंगात दोऱ्यांचे तिरपे थर असतात. हे दोरे ताणले जात नाहीत. टायर हवा धरू शकत नाही, पण ट्यूबला एका मर्यादेपलीकडे फुगूही देत नाही. आणि टायर रिमवरून निसटू नये, म्हणून त्याच्या कडांत ती पोलादी कडी. ट्यूबच्या पाठीशी सर्व बाजूंनी टायर व रिम यांचा आधार असेल, तर तिला फुटण्यास जागाच उरत नाही. काट्याने तिला छिद्र पडेल, हवा हळूहळू किंवा झरझर जाईल. पण बार होणार नाही. बार होतो तो ट्यूब आधाराबाहेर पडली तरच. टायर कोठे तरी फाटलेला असतो, किंवा त्याची कड रिममध्ये नीट बसलेली नसते.

उन्हाचा हिशेबही येथेच करून टाकावा. कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो. हा हिशेब करताना भोवतालच्या वातावरणाचा १५ पौंड दाब मिळवावा लागतो, आणि तापमान बर्फाच्या अंशापासून न मोजता निरपेक्ष शून्यापासून मोजावे लागते. सकाळी २७ अंश सेल्सिअसला ट्यूबमध्ये ४५ पौंड दाब होता. वातावरणाचा मिळून तो ६० झाला. निरपेक्ष मापाने २७ अंश म्हणजे ३००. दुपारी उन्हात टायर ५७ अंशांपर्यंत तापला असे धरले, तर ते झाले ३३०. तापमान एकदशांशाने वाढले, म्हणून दाबही एकदशांशाने वाढून ६६ झाला. त्यातून वातावरणाचे १५ वजा केले, की उरतात ५१. सगळे ऊन मिळून सहा पौंड! धडधाकट टायरला एवढ्या वाढीचे काहीच वाटत नाही. परंतु ट्यूबचा एखादा पदर टायरच्या कडेखाली आधीच अडकलेला असेल, तर तेथे ती रिम आणि टायर यांच्या फटीतून इवलासा फुगा होऊन डोकावत असते. अशा ट्यूबला शेवटचा धक्का देण्यास सहा पौंड पुष्कळ होतात. आदल्या संध्याकाळी घाईने बसवलेली ट्यूब दुसऱ्या दिवशी दुपारी फुटते, आणि दोष उन्हाला लागतो. फुटलेली ट्यूब हातात घेऊन पाहिली, तर खूण स्पष्ट दिसते. काट्याचे छिद्र टाचणीएवढे असते; अशा वेळी मात्र बोटभर लांबीची चीर आढळते, आणि तीही जमिनीकडच्या अंगाला नव्हे, तर रिमच्या काठाशी.

ट्यूबला पंक्चर झाले असता सायकल दुरुस्त करणारा कारागीर बहुधा चाक काढीत नाही. टायरची एकच बाजू उघडून तो ट्यूब बाहेर ओढतो, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडे येतात ती जागा कोरडी करून खरवडतो, सोल्यूशन लावतो आणि ते सुकल्यावरच ठिगळ दाबून बसवतो. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ बसवले तर ते धरत नाही. हे काम पुष्कळांना येते. पण त्यापुढचे काम, जे त्याहून महत्त्वाचे आहे, ते अनेकजण विसरतात. ज्या काट्याने छिद्र केले, तो टायरमध्ये तसाच असतो. शेताच्या बांधावरून येणाऱ्या सायकलीला बाभळीचा काटा, माळावरून येणाऱ्या सायकलीला सराटा आणि रस्त्यावर बैलाच्या पत्रीचा गळालेला खिळा, हे नित्याचे शत्रू होत. टायरच्या आतून बोटे जपून फिरवली, की टोक लागते. तो काढल्यावाचून ट्यूब आत घातली, तर वेशीपर्यंतही सायकल पोहोचत नाही. त्याच वेळी रिमच्या तळाशी असलेली पट्टीही पाहून घ्यावी. तारांची टोके त्या पट्टीखाली झाकलेली असतात. पट्टी सरकली, तर तीच टोके आतून काट्याचे काम करतात, आणि रस्त्यात काटा शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

ट्यूब आत घालण्यापूर्वी तिच्यात दोन-तीन पंप हवा भरावी. ती फुगण्यासाठी नव्हे, तर केवळ गोल राहावी म्हणून. पार सपाट ट्यूब पिळली जाते व तिला घड्या पडतात. अधिक फुगवली, तर ती टायरमध्ये मावत नाही. बाहेरून थोडे शंखजिरे चोळले, तर ती टायरला चिकटत नाही आणि आपली जागा आपण शोधते. टायरची एक कड रिममध्ये असतेच. व्हॉल्व्ह रिमच्या छिद्रातून सरळ बाहेर काढावा, त्याचा नट नुसता धरेल इतपतच फिरवावा आणि मग ट्यूब चहूबाजूंनी टायरच्या पोकळीत सारावी. व्हॉल्व्ह तिरपा राहिला, तर ट्यूब एका अंगाला ओढली जाते आणि काही आठवड्यांत व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटते. तेथे ठिगळ बसत नाही. ट्यूब टाकूनच द्यावी लागते.

आता दुसरी कड चढवायची. तिच्यातील पोलादी कडे ताणले जात नाही आणि त्याचा घेर रिमच्या काठाच्या घेरापेक्षा थोडा लहान असतो. मग लहान कडे मोठ्या काठावरून चढते कसे? लोहार धाव तापवतो. येथे तापवण्याची सोय नाही. येथे युक्ती वेगळी आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. कडेचा एक भाग त्या पन्हळीत उतरवला, की कडे तिकडे जितके खाली जाते, तितके समोरच्या अंगाला सैल पडते. ही सैलाई अगदी थोडी असते. पण तेवढीच पुरते. म्हणून कड चढवण्यास व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून आरंभ करावा, दोन्ही हात दोन बाजूंनी पुढे सरकवीत यावे, येताना बसवलेला भाग पन्हळीत दाबीत यावे आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. व्हॉल्व्हजवळ ट्यूबचा जाड भाग पन्हळ अडवून बसतो. तेथून आरंभ केला, तर कड तेथे खाली उतरत नाही आणि शेवटचे चार बोटांचे अंतर काही केल्या सरत नाही. अशा वेळी पुष्कळजण पेचकस घेऊन कड चढवू लागतात. पेचकसाचे टोक ट्यूब कशी कापते, हे पंप मारीपर्यंत कळत नाही! टायर उघडण्यास गुळगुळीत, बोथट पट्ट्या वापरावयास हरकत नाही. बसवताना मात्र अंगठेच खरे. अंगठ्यांनी कड चढत नसेल, तर बळ कमी पडते असे नसून पलीकडची कड पन्हळीतून वर आलेली असते. चाक फिरवून ती पुन्हा दाबावी.

शेवटची कड आत गेली, की व्हॉल्व्ह अंगठ्याने आत दाबावा आणि पुन्हा बाहेर ओढावा. व्हॉल्व्हच्या मुळाशी कडेखाली सापडलेली ट्यूब यामुळे वर सुटते. त्यानंतर संपूर्ण चाकाभोवती, दोन्ही अंगांनी, टायर बोटांनी बाजूला सारून आत पाहावे. रिम आणि टायर यांच्यामध्ये कोठेही ट्यूबचा काळा पदर दिसता कामा नये. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्या मुलीच्या सायकलीवर ही दोन मिनिटे कोणी खर्चिली असती, तर तिचे पाच किलोमीटर चालणे वाचले असते.

पंप मारतानाही एकदम पूर्ण हवा भरू नये. निम्मी भरून थांबावे आणि चाक फिरवावे. टायरच्या बाजूवर, कडेलगत, एक बारीक उंचावलेली रेघ असते. ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी ती रिमखाली बुडत असेल, तर तेथे कड अद्याप पन्हळीतच आहे. एखाद्या जागी फार वर आली असेल, तर तेथे ट्यूब खाली अडकली आहे किंवा कड रिमवर चढू पाहत आहे. हवा सोडावी, तो भाग हातांनी चेपून नीट करावा आणि पुन्हा भरावी. रेघ सारखी झाली, की मग निर्धास्तपणे पुढचे पंप मारावे. किती मारावे, याचे उत्तर टायरच्या बाजूवरच छापलेले असते. दुकानातील कारागीर अंगठ्याने दाबून अंदाज करतो आणि तो अंदाज बहुधा बरोबर असतो. पण त्यामागे हजारो टायर दाबल्याचा अनुभव असतो. घरी पहिल्यांदा पंप मारणाऱ्याने मापाच्या तबकडीवर विसंबावे. मागच्या चाकावर भार अधिक असतो, म्हणून त्यात पुढच्यापेक्षा थोडी अधिक हवा लागते. काही वेळ पंप मारल्यावर पंपाचा तळ हाताला गरम लागतो. तो केवळ घर्षणाने नव्हे. दाबली जाणारी हवा स्वतःच तापते.

आपल्याकडील साध्या सायकलींत जो व्हॉल्व्ह असतो, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पितळेच्या बारीक नळीच्या बाजूला एक छिद्र, आणि त्या छिद्रावर रबराची नळी, जिला बाजारात वॉलट्यूब म्हणतात, घट्ट चढवलेली. पंपाची हवा आतून रबराला ढकलून ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबला, की ट्यूबमधील हवा त्याच रबराला छिद्रावर दाबून आपलाच परतीचा मार्ग बंद करते. दार राखणारा पहारेकरी कोंडलेल्यांपैकीच असावा, असा हा प्रकार आहे. हे रबर काही महिन्यांत चिरते किंवा चिकट होते, आणि चाक रोज सकाळी थोडे थोडे उतरू लागते. अशा वेळी ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवणे व्यर्थ होय. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब फुगून बुडबुडा आला, तर नवी वॉलट्यूब चढवावी. ती चढवताना छिद्र पूर्ण झाकले जाईल इतकी लांब असावी आणि ओली करून सरकवावी. बुडबुडा आला नाही, तरच काट्याचा शोध घ्यावा. तपासणी झाली, की व्हॉल्व्हवर टोपी बसवावी. धूळ व चिखल आत जाऊ नये, एवढेच तिचे काम. हवा अडवण्याशी तिचा संबंध नाही. रिमवरील नट मात्र आता, हवा पुरी भरल्यावर, बोटांनी शेवटपर्यंत आवळावा.